यमाजीची मेंढरं

यमाजीनं उभा जन्म पारगावात, कारखान्याच्या गेटावर काढला. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. बाप मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडलेला, आणि लेक गेटाला बांधलेला! हे त्याला आतल्या आत खात होतं. रिटायर झाला आणि म्हणाला, आता मरायचं ते मोकळ्या रानातच. मोबाइल बायकोच्या, म्हाळसाबाईच्या हातात ठेवला, मेंढरं विकत घेतली आणि आंबेगावच्या डोंगरातल्या पठारावर जाऊन राहिला. तिनं अडवलं नाही. हौसेला मोल नसतं, एवढंच म्हणाली.

पण घात खरेदीतच झाला होता. बापानं आधी खूर पाहिले असते. यमाजीनं गुबगुबीत पाठी पाहिल्या. ती मेंढरं गोठ्यात, आयत्या चाऱ्यावर वाढलेली. वर सोडली तर झोपडीपुढंच उभी, याच्या तोंडाकडं बघत. याचा समज असा, की धनगराच्या पोराला चारणं शिकावं लागत नाही. अरे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग हाच पहाटे विळा घेऊन निघायचा आणि गवत कापून त्यांच्यापुढं टाकायचा. मोकळं व्हायला आलेला माणूस पुन्हा ड्युटीवर लागला, आणि त्याची त्याला फार लाज वाटायची.

थंडीत सावळेराम नावाचा मेंढपाळ कळप घेऊन पठारावर आला. एकटी शिकायची नाहीत, माझ्या कळपात घाला, चालता चालता चरतील, असं त्यानं सांगितलं. यमाजी हरखला. काठी घेऊन त्याच्याबरोबर निघाला. मेंढरं आधी रखडली, लंगडली, मग खाली मान घालून चरू लागली. यमाजीचे पाय मात्र सुजून भोपळ्यासारखे झाले. त्याच्यापायी सगळा कळप वाटेत खोळंबू लागला.

एका मुक्कामाला सावळेराम त्याच्याजवळ येऊन बसला.

"दादा, मेंढरं शिकली. तुमचं पाय न्हाई शिकायचं आता."

यमाजीला ते कळत होतंच. त्यानं मेंढरं कळपातच ठेवली. कळप हलला, तेव्हा एकाही मेंढरानं मागं वळून पाहिलं नाही. त्याचंच समाधान वाटलं, असं तो पुढं लोकांना सांगायचा, पण ते काही खरं नव्हे.

जिपा बदलत तो पारगावला आला. म्हाळसाबाईनं त्याच्या पायांवर गरम पाणी ओतलं आणि मेंढरं कुठं, म्हणून विचारलं.

"गेली. लई लांब गेली," यमाजी म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यादेखत रडला.