मी कसला अध्यक्ष

आता काय सांगू तुम्हाला, माणसं निवडणूक हरतात ती विरोधकामुळे, नशिबामुळे, फार तर बायकोमुळे. मी हरलो माझ्या आईने लावलेल्या चांगल्या वळणामुळे. हसू नका, ऐका आधी.

तेव्हा आम्ही ब्रिस्टलला होतो. फोन कार्ड खरवडून इंडियाला फोन करायचे दिवस. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर गुप्ते. तरुणपणी तिथल्या हॉस्पिटलात आले, पुढे रिटायर झाले, पण मंडळाची खुर्ची काही सुटेना. आणि मंडळ तरी कसलं! दोनचा कार्यक्रम चारला सुरू. माइक बोलण्याआधी किंचाळणार. डॉक्टरांचं भाषण दरवर्षी तेच, अगदी खोकलासुद्धा त्याच वाक्यानंतर. रॅफलच्या सोडतीत बक्षीस बिस्किटांचा डबा, आणि तो कोण जिंकणार? डॉक्टरांचीच बायको, म्हणजे आमच्या काकू.

आम्ही व्हिसावर आलेली सॉफ्टवेअरची मंडळी मागच्या रांगेत बसून टिंगल करायचो. मग मला वाटलं, नुसतं हसायचं कशाला? आपणच अध्यक्ष होऊ. घरोघरी जाऊन चहा प्यायलो. सगळे म्हणाले, "तूच हो बाबा एकदाचा." ऑफिसातला माझा मित्र निखिल माझं नाव सुचवणार होता. विषय संपला.

त्यात माझे सासरे, अप्पा, सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त. मी नक्की काय काम करतो हे त्यांना कधी कळलं नाही. "जावई कॉम्प्युटरवर असतात," एवढंच ते लोकांना सांगायचे, जसं काही मला तिथे बांधून ठेवलंय. अध्यक्ष हा शब्द मात्र त्यांना बरोब्बर कळला. कार्ड संपेपर्यंत त्यांनी सांगलीला फोन केले. मला म्हणाले, "जावईबापू, आता चार लोकांत सांगण्यासारखं काहीतरी झालं."

लग्नानंतर पहिल्यांदा हो! त्या वाक्यासाठी मी इंग्लंडचा पंतप्रधानसुद्धा झालो असतो.

दिवाळीच्या जेवणाआधी चर्चच्या हॉलमध्ये एजीएम, म्हणजे मंडळाची वार्षिक सभा, भरली. अप्पा कोट घालून, कॅमेरा घेऊन मागे बसले. निवडणूक घेत होत्या मीनाताई. अर्धं आयुष्य कौन्सिलमध्ये नोकरी केलेली बाई, सगळं नियमाने.

निखिलने माझं नाव सुचवलं. मीनाताईंनी विचारलं, "अभिजित, उभा राहणार का तू?"

आता मला सांगा, आपल्यात पहिल्याच फटक्यात कुणी हो म्हणतं? आमच्या घरी दुसरी पोळीसुद्धा दोनदा नाही म्हटल्याशिवाय पानात पडत नाही. मी मान खाली घालून म्हणालो, "छे हो, मी कसला अध्यक्ष. डॉक्टरकाका असताना माझी काय पात्रता?"

आणि थांबलो. आता सगळे म्हणणार, "असं कसं, तूच!" निखिलने तर ओरडायलाच हवं होतं. तो गाढव बटाटेवड्यांकडे बघत होता.

मीनाताई म्हणाल्या, "ओके, व्हेरी क्लिअर. डॉक्टर, तुम्ही?"

"हो, आनंदाने," डॉक्टर म्हणाले. बघा निर्लज्जपणा! एकदाही नको नाही, काही नाही.

मी धडपडत उठलो. "ताई, तसं नाही... म्हणजे सगळ्यांचा आग्रहच असेल तर..."

मीनाताईंनी हॉलला विचारलं, "आग्रह आहे का कुणाचा?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. शेवटी निखिल म्हणाला, "आहे, आहे. पण पटकन आटपा, वडे गार होतायत." असा मी उमेदवार झालो.

मग मतदान. "डॉक्टरांसाठी हात वर करा." काकूंचा हात वर गेला, आणखी दोघातिघांचे गेले. आणि इथे माझी अक्कल गेली चरायला. मला वाटलं, स्वतःला मत देणं किती हलकट दिसेल! मी डॉक्टरांना मत द्यायचं, ते मला देतील, फिट्टंफाट. शिवाय बाकीचा हॉल माझाच आहे. मी हात वर केला, चांगला उंच, सगळ्यांना दिसेल असा.

सगळ्यांना दिसला.

निखिलने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि हात वर केला. मग आमची अख्खी मागची रांग. वळून बघतो तर आमच्या बाईसाहेबांचाही हात वर. मी डोळे वटारले तर म्हणते, "अरे, तूच केलास ना आधी?"

"आता अभिजितसाठी."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

एकच हात वर गेला. अगदी मागे, कोटातला. मीनाताई हळूच म्हणाल्या, "अप्पा, पाहुण्यांना मत नसतं." अप्पांनी हात खाली घेतला आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना डॉक्टर माझ्याजवळ आले. "अरे, मी यंदा सोडणारच होतो. म्हटलं, तुला द्यावं. पण तू नको म्हणालास, म्हणून मी हो म्हटलं, आणि मग हे सगळे तुला बळजबरीने उभं करायला लागले. मला तुझी दया आली रे. म्हणून माघार घेतली नाही." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उपाध्यक्ष तरी होतोस? माझ्यानंतर तूच."

शेजारी अप्पा. त्यांचा घास हातातच थांबला. एक शब्द बोलायचा होता हो मला. एकच.

आणि माझं तोंड म्हणालं, "छे हो काका, मी कसला उपाध्यक्ष."

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि निखिलकडे वळले. निखिलच्या तोंडात अख्खा वडा होता. तरी तो हो म्हणाला.

अप्पांनी घास खाल्ला, पाणी प्यायलं आणि मुलीला विचारलं, "काय गं, लग्नाला यांनी हो म्हटलं होतं, की आपणच धरून चाललोय?"