व्याह्याला टेकू

अल्लीपूरच्या बाजारओळीत हरिदास तळवेकरचं भांड्यांचं दुकान आहे. गंज, पातेली, डबे, घागरी, आणि गल्ल्याशेजारी भांड्यांवर नावं कोरायचं एक लहानसं विजेचं यंत्र. गिऱ्हाईक आलं की हरिदास भाव सांगतो, आणि गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी पडायच्या आत स्वतःच तो खाली आणतो. घासाघीस त्याला सोसत नाही. माणूस नाराज होऊन पायरी उतरला की त्याचा पुढचा सगळा दिवस वाया जातो. बायको सुलोचना म्हणते की देवानं या माणसाला सगळं दिलं, फक्त 'नाही' हा शब्द द्यायचा विसरला. हरिदास यावरही मान डोलावतो.

असा माणूस दगाफटक्याच्या खेळात पडावा, हेच मुळात विचित्र. पण तो हौसेनं पडला नव्हता. त्याला तिथं व्याह्यानं नेलं. खरं म्हणजे व्याह्याच्या रुसव्यानं नेलं.

हरिदासची एकुलती एक मुलगी मयुरी आर्वी तालुक्यात रोहण्याला दिलेली. सासरे भैयाजी हे तिथले मोठे किराणा दुकानदार, आवाजाचे आणि मानाचे माणूस. लग्नात व्याहीभेटीची वेळ आली. दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोरासमोर उभी राहिली, बॅन्ड सुरू झाला, हरिदास हार घेऊन पुढं झाला. तेवढ्यात भैयाजींचा धाकटा भाऊ हात पसरून मध्ये आला, आणि समोर आलेल्या माणसाला मागं सारायचं कसं, हे न कळून हरिदासनं त्यालाच आधी हार घालून कवटाळलं. पहिली भेट धाकट्याची झाली. भैयाजींनी दुसरा हार घेतला खरा, पण पंगतीला ते बसले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं ते हरिदासशी कामापुरतंच बोलले, आणि त्या दोन वर्षांत मयुरी माहेराला आली की काही न सांगता सगळं सांगून जायची. एका हाराची किंमत पोरगी फेडते आहे, हे हरिदासच्या मनात तेव्हा जे रुतलं ते निघालंच नाही.

कोरोनाच्या बंदीत जावई अनुपनं यावर उपाय काढला. मोबाईलवर एक खेळ मिळतो, 'सात गाद्या' नावाचा. एक नकाशा, सात रंगांची सात राज्यं, सात खेळणारे. अनुपनं वडिलांना आणि सासऱ्यांना त्यात बसवलं, मयुरीला घेतलं, स्वतः बसला. उरलेले तिघं अनुपचे मित्र. त्यांचं या गोष्टीत काही काम नाही. खेळ साधा आहे. आपली फौज कुठं जाणार हे प्रत्येकानं दिवसभरात गुपचूप ठरवून ठेवायचं, आणि संध्याकाळी आठ वाजता सगळ्यांचे हुकूम एकदम उघडतात. मेख अशी की एकटी फौज दुसऱ्या फौजेला हटवूच शकत नाही. त्यासाठी शेजाऱ्याचा टेकू लागतो. म्हणून खरा खेळ चालतो तो फोनवर. याला टेकू देईन म्हणायचं, त्याला देईन म्हणायचं, आणि आठ वाजता भलत्यालाच द्यायचा. कोणी कोणाला टेकू दिला हेही सगळ्यांना दिसतं, त्यामुळं आठनंतर फोन पुन्हा सुरू होतात, यावेळी भांडायला.

अनुपचा उपाय लागू पडला. दोन्ही व्याही रोज बोलू लागले. पण हरिदास खेळला कसा, तर दुकानात बसतो तसा. टेकू म्हणजे त्याच्या लेखी आहेर होता. भैयाजींनी मागायच्या आत तो देऊन मोकळा व्हायचा. आपल्या आणि भैयाजींच्या राज्याच्या सीमेवर त्यानं कधी फौज ठेवली नाही. व्याह्याच्या दारासमोर पहारा बसवायचा म्हणजे काय, लोक काय म्हणतील. भैयाजी त्या मोकळ्या सीमेतून आरामात आत यायचे, गड घ्यायचे, आणि वर फोन करून सांगायचे की इवाई, तुमच्याकडं फारच ढिलाई आहे. व्याह्याला तिकडं इवाई म्हणतात. हरिदास हसायचा. डावामागून डाव तो हरत गेला, आणि रोहण्यात मयुरीचं जरा बरं चाललं. निदान त्याला तसं वाटायचं. दमायला व्हायचं, पण मुलीचा बाप म्हटला की दमणं आलंच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

यंदा दिवाळीनंतर जो डाव सुरू झाला, त्यात मयुरीनं बापाला फोन केला. तिचं राज्य निळं, हरिदासचं पिवळं, एकाला एक लागून. या डावात तुम्ही फक्त माझ्या मागं उभे राहा, बाकी मी पाहते, एवढंच तिनं मागितलं. पोरगी हुशार. तिनं अनुपला वचनं देऊन गुंतवून ठेवलं, त्याच्या मित्रांना आपसात लढवलं, आणि हरिदासच्या टेकूवर एकेक गड घेत नकाशा निळा करत आणला. भैयाजींचं लाल राज्य पहिल्यांदाच कोपऱ्यात दाबलं गेलं. हरिदासला मजा वाटत होती. इतक्या डावांत पहिल्यांदा त्याला आठ वाजायची वाट पाहावीशी वाटायची.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली, आणि ती खेळातली नव्हती. मयुरीचा लग्नाआधीचा रक्ततपासणीचा डिप्लोमा होता. आर्वीच्या एका लॅबनं तिला कामावर बोलावलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिची लेक बालवाडीत जाऊ लागली होती, अनुपची हरकत नव्हती, सासूची नव्हती. भैयाजी मात्र "पाहू" म्हणत होते. ते पाहू म्हणाले की ती गोष्ट फडताळात जाऊन पडते, हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही एकदा बोला बाबा, वडीलधाऱ्याच्या शब्दाला ते मान देतात, असं मयुरी म्हणाली. हरिदास म्हणाला, हौ, बोलतो.

बोलला नाही. रोज सकाळी फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. भैयाजी डावात हरत होते, त्यांचा मूड खराब होता, अशा वेळी पोरीचा विषय काढला तर कायमचा बिघडेल, असं त्याला वाटायचं. आज नको, उद्या बोलू. दुकानात स्टीलच्या डब्यांवर नावं कोरता कोरता त्याच्या हातून दोन डबे बिघडले.

गुरुवारी भैयाजींचाच फोन आला.

"इवाई, तुमच्या पोरीनं मले माझ्याच घरात घेरून टाकलं. उद्या तिच्या मोठ्या गडावर चढून राह्यलो. तुमचा टेकू पाह्यजे."

 हळूहळू हरिदासच्या डोक्यात एक विचार जमू लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण व्यवहारानं वागतो आहोत असं त्याला वाटलं. भैयाजी आपणहून काही मागताहेत. दिलं तर खूश होतील. खूश झाले की नोकरीचं मागायचं. एक निळा गड जाईल, तो तरी कुठं खरा आहे, पण पोरीचं काम होईल. मात्र त्यानं ही अट तोंडावर घातली नाही. आहेर देताना परतीचं बोलतं का कोणी? माणसानं समजून घ्यायचं असतं. तो एवढंच म्हणाला, "हौ भैयाजी, देतो."

शुक्रवारी दुपारी मयुरीचा फोन आला. मामाजी, म्हणजे तिचे सासरे, उद्या नाहीतर परवा मोठ्या गडावर येतील, पण तुमची फौज माझ्या मागं असली की मला भीती नाही, म्हणाली. आहात ना, असं विचारलं. तिला आधी सांगितलं तर ती ऐकणार नाही आणि सगळंच फिसकटेल, म्हणून हरिदास हौ म्हणाला.  फोन ठेवून त्यानं यंत्र सुरू केलं आणि एका घागरीवर कोणाच्या तरी आजीचं नाव कोरायला घेतलं.

आठ वाजता हुकूम उघडले. लाल फौज निळ्या गडावर चालून गेली होती, आणि तिच्या खाली सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत होतं, पिवळ्याचा टेकू लालला. निळा गड बघता बघता लाल झाला. तो मोठा गड म्हणजे मयुरीची राजधानी, आणि ती गेल्यावर तिचा सगळा डावच मोडला. रोहण्यात तेव्हा सगळे एकाच खोलीत बसले होते, हे अनुपनं नंतर सांगितलं. भैयाजींनी टाळी वाजवली. मयुरीनं मोबाईल उपडा ठेवला आणि ती पोळ्या करायला उठून गेली.

पाच मिनिटांत भैयाजींचा फोन. इतका मोकळा आवाज हरिदासनं लग्न ठरल्यापासून ऐकला नव्हता.

"इवाई, दिल खुश केलं आज. बोला, काय पाह्यजे तुमाले?"

हीच ती वेळ. हरिदासनं घसा साफ केला. म्हणाला, "भैयाजी, पोरीची ती आर्वीची नोकरी. सोमवारी बोलावलं तिले. तुमी हौ म्हटलं असतं तं."

 भैयाजी हसले. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"आता हे मले काऊन सांगता? सगळ्यांच्या समोर बापच तिच्या मागून हटला. तुमीच तिच्या मागं नाई, तं मी काऊन उभा राहू?"

एवढं बोलून त्यांनी पितळेच्या भावाची चौकशी केली, विहिणीला नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. हरिदासनं भाव बरोबर सांगितला होता. इतकंच त्या फोनमधलं त्याला नंतर धड आठवलं.

त्याला स्वतःची चीड आली. ती फार वेळ टिकली नाही, कारण चिडायलाही अंगात काही लागतं. मग नुसता थकवा उरला, भरल्या बाजाराच्या दिवशी दुकान बंद करताना येतो तसा. सुलोचनानं ताट वाढलं. त्यानं भाकर मोडली आणि पुन्हा ताटात ठेवली.

शनिवारी दुपारी मयुरीचा फोन आला. आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता. सोमवारी मी जाते आहे, एवढं सांगायला तिनं फोन केला होता. सकाळी भैयाजी दुकानात जायच्या आधी ती त्यांच्या समोर उभी राहिली आणि स्वतःच बोलली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेव्हापासून ते बोलत नाहीत आणि जेवण सासूच्या हातचं घेतात. काही दिवस असं चालेल, मग चालायचं ते चालेल. अनुप गाडीवर सोडून देणार आहे.

हरिदासला खूप काही सांगायचं होतं. तो म्हणाला, "बेटा, मी ते तुह्याचसाठी केलं. आन् तो तं खेळच होता."



"हौ बाबा, खेळच होता," ती म्हणाली. "त्याच्यात तं आपलं काहीच जात नव्हतं. त्याच्यात तरी माह्या मागं राह्यचं होतं."

मग तिनं बीपीची गोळी घेता ना, असं विचारलं. तो हौ म्हणाला. तिनं फोन ठेवला.

काय म्हणत होती, असं सुलोचनानं आतून विचारलं. हरिदास म्हणाला, गोळी घेतली का विचारत होती. ते खोटं नव्हतं.

रविवारी दुकान बंद असतं. संध्याकाळी तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, तेव्हा मोबाईल वाजला. अनुपनं नवा डाव मांडला होता, आणि त्याच्या पाठोपाठ भैयाजींचा निरोप आला होता. 'इवाई, याही डावात आपण एकत्रच ना?' नेहमी हरिदासचं उत्तर प्रश्न वाचून व्हायच्या आत जायचं. यावेळी तो खुर्चीत तसाच बसून राहिला. व्याहीभेटीतला तो हार आठवला, मोकळी ठेवलेली सीमा आठवली, पोळ्या करायला उठून गेलेली पोरगी आठवली, जी त्यानं पाहिलीसुद्धा नव्हती. मग चष्मा लावून त्यानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नाई भैयाजी. या डावात मी मयुरीच्या मागं आहो.' आणि पुन्हा न वाचता पाठवून दिलं.

 इतक्या वर्षांत व्याह्याला त्यानं पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. आता पोरीला सांगावं, म्हणून त्यानं नकाशा उघडला आणि आपल्या पिवळ्या राज्याशेजारी निळा रंग शोधू लागला. निळ्यावर कोण्या सपनाचं नाव होतं. दुसरीकडं असेल म्हणून त्यानं नकाशा बोटानं सरकवत सातही राज्यं पाहिली. खाली अनुपनं सगळ्यांसाठी एक ओळ लिहिली होती. मयुरीची उद्यापासून नोकरी सुरू होते आहे, ती यापुढं खेळणार नाही.