कोहळ्याला कोयता लावायचा कुणी

आमच्या घरात कोहळ्याला पहिला कोयता पुरुषाने लावायचा असतो. त्यानंतर तो सोलायचा, किसायचा, पिळायचा, वाटलेल्या डाळीत कालवायचा, सांडगे घालायचे, कावळ्यांपासून राखायचे आणि पुढे वर्षभर तळून वाढायचे, ही सगळी बायकांची कामं. पुरुषाने एक घाव घालायचा, हात धुवायचे आणि झोपाळ्यावर जाऊन बसायचं. त्या एका घावाबद्दल त्याला चहाही मिळतो.

असं का, हे लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं. बाईने पहिला घाव घातला तर तिच्या बाप्याला बाधतं, असं त्या म्हणाल्या. काय बाधतं, कसं बाधतं, याचा तपशील नव्हता. माझं माहेर माणगावचं. तिथे आम्ही बाजारातून कोहळ्याची फोडच आणायचो, म्हणजे बाधायचं ते भाजीवालीच्या घरी बाधत असणार. पण सासूबाईंसमोर हे बोलायची माझी टाप नव्हती.

आमचं घर रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर. दसरा झाला की मागचं परस अंगावर आल्यासारखं होतं. लिंबं पिवळी पडतात, मिरच्या लगडतात, मांडवावरचे कोहळे अंगाला राख फासून लोंबत असतात, आणि हे सगळं एकदमच तोडा, एकदमच टिकवा अशी घाई करतं. लोक सांडगे उन्हाळ्यात घालतात. आमचे कोहळे तोवर वाट बघत नाहीत, निम्मे माकडं नेतात आणि उरलेले सडतात, म्हणून आम्ही आश्विनातल्या उन्हावर भागवतो. तिकडे रेवदंड्याला कोळणी मासळी वाळत घालतात, इकडे आम्ही गच्चीवर सांडगे. दोघींचे वैरी तेच, परतीचा पाऊस आणि कावळे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझे सासरे रेवदंड्याच्या बाजारात चक्कर येऊन पडले. एका रिक्षावाल्याने त्यांना अलिबागला दवाखान्यात नेलं. सासूबाई निरोप मिळाला तशा ओल्या लुगड्यानिशी धावल्या आणि तिथल्या बाकावर बसून राहिल्या. मी डबा नेला, तो त्यांनी उघडलासुद्धा नाही. सासऱ्यांचा रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. डॉक्टर कमी म्हणाले, सासूबाईंनी बंद केलं. मिठाची बरणी, लोणच्याची बरणी आणि पापडांचा डबा लोखंडी कपाटात गेला आणि चावी सासूबाईंच्या कमरेला. त्या कपाटात आधी माझं सणावाराचं मंगळसूत्र आणि पाटल्या असायच्या. त्यांची रवानगी फडताळात झाली, पिठाच्या डब्याशेजारी.

सासरे म्हणजे जन्माचे मीठखाऊ. कलिंगडावर मीठ, ताकात मीठ, पिकल्या केळ्यावरही मीठ घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आळणी पेज समोर आली की ते तिच्याकडे सासुरवाशिणीसारखं तोंड करून बघत बसायचे. मग त्यांनी चोरवाटा शोधल्या. शेजाऱ्याच्या तब्येतीची चौकशी नेमकी जेवायच्या वेळेला करायला जाऊ लागले. एकदा मी त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशातून अर्धा सुका बोंबील निघाला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मांजरानं ठेवला असंल," ते म्हणाले.

मी तो मांजरालाच देऊन टाकला आणि सासूबाईंना काही बोलले नाही. दोन राजांच्या मध्ये राहायचं तर दोघांनाही सगळं सांगून चालत नाही.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर ऊन चांगलं कडक पडलं. सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी उडदाची डाळ भिजत घातली, पहाटे मिक्सरमधून भरड काढली, मिरची-आलं-हिंग वाटून ठेवलं. ओटीवर पाट मांडला, पाटावर मांडवातला सगळ्यांत मोठा कोहळा ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि शेजारी कोयता. सगळा थाट लग्नाचा. मग झोपाळ्याकडे बघून म्हणाल्या, "चला, लावा."

"मी न्हाय लावत," सासरे म्हणाले.

"का? हात दुखतोय?"

"हात बेस हाय. पन ज्यातला एक सांडगा माझ्या पानात पडनार न्हाय, त्याच्यासाठी मी कोयता का उचलू? रोज दोन दे. आत्ता लावतो."

सासूबाईंनी डोळे वटारले. सासऱ्यांनी पायाने झोपाळ्याला झोका दिला. माणसाने पुरती तयारी केली होती. माझा नवरा ट्रक घेऊन गुजरातेत गेलेला होता, भरड वाटून झाली होती, आणि वाटलेली डाळ असल्या उन्हात संध्याकाळपर्यंत फसफसून येते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. घरात पुरुष एकच आणि तो संपावर. मी नवऱ्याला फोन लावला. तो वापीजवळच्या धाब्यावर पोटभर हसला आणि म्हणाला, "बाबांना काय पायजे ते दे नि मोकळी हो." गाडीवरच्या माणसाचा घरच्या भांडणात हा एवढाच उपयोग.

"आई, मी लावते कोयता," मी म्हटलं.

"तुझा नवरा गाडीवर हाय," सासूबाई म्हणाल्या. "गप बस."

दहाच्या सुमाराला गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला. सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्याला पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. एरवी त्याला पायपुसण्यावरून आत यायचीही परवानगी नसते.

"दादा, जरा एक घाव घालशील का?"

तो बिचारा हसून पुढे झाला, त्याने कोयता उचललासुद्धा. तेवढ्यात झोपाळ्यावरून, नजर वर न करता, सासरे म्हणाले, "घरचा बाप्या जिता असताना परक्यानं लावला, तर परक्याच्या पन घरात बाधतं."

गॅसवाल्याने कोयता अलगद खाली ठेवला. रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकून तो असा निघाला की माझी सही घ्यायचीही त्याला आठवण राहिली नाही.

"हे कुनी सांगतलं तुमाला?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या आजानं."

सासऱ्यांचा आजा ते जन्मायच्या आधीच गेला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण सासूबाईंच्या मनात एकदा शंका शिरली की ती भाडं भरल्यासारखी मुक्काम करते. परका पुरुष बाद झाला.

जेवणं झाली. सासरे आळणी आमटी मुकाट्याने जेवले, वर "आज चव बरी हाय" असंही म्हणाले. जिंकत आलेला माणूस किती गोड बोलतो. मग त्यांनी अंगणात फणसाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि कान आमच्याकडे ठेवून डोळे मिटले.

माझ्या डोक्यात तेव्हा एक किडा वळवळला. "आई, कोहळा आपणहून पडला आणि फुटला, तर त्याला कुणी कोयता लावला असं होतं का?"

सासूबाईंनी बराच विचार केला. "पडला तर पडला," त्या हळूच म्हणाल्या. "त्यात आपला काय हात?"

मग मी ओटी झाडायला घेतली. एरवी मी दुपारची ओटी झाडत नाही, पण त्या दिवशी मला तिथे फार केर दिसला. कोहळा सरकत सरकत ओटीच्या कडेला आला, झाडूचा जरासा धक्का लागला आणि जांभ्याच्या पायऱ्यांवरून गडगडत निघाला. प्रत्येक पायरीवर तो धाडकन आपटला. आम्ही दोघी ओटीच्या कडेवरून वाकून बघत होतो. खालच्या पायरीची कड तुटली. कोहळ्याला ओरखडा नाही. तो तसाच घरंगळत अंगणभर गेला आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला. सासऱ्यांनी डोळे न उघडता दोन्ही पाय उचलून त्याच्यावर ठेवले.

"बरं झालं आनून दिलंत. पाय अवघडले होते."

"कुंकू लावलंय त्याला," सासूबाई ओरडल्या. तेव्हा मात्र त्यांनी चटकन पाय काढले आणि कोहळ्याला हात लावून नमस्कार केला. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं.

तीन वाजून गेले. डाळीवर बुडबुडे यायला लागले होते आणि खाडीपलीकडे ढग जमू लागले होते. मी अंगण आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वकिली करत फिरत होते. सासूबाई महिन्यातून एक म्हणत होत्या, सासरे रोज दोन. ओढाताण करून मी दोघांना रविवारपर्यंत आणलं. दर रविवारी दोन सांडगे, जास्त मागायचे नाहीत. सासूबाई डाळीच्या पातेल्यापुढे बसून होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, पण मान थोडी हलवली, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. भरडीपायी त्यांना हार खावी लागत होती.

"बोलव त्यांना," त्या म्हणाल्या.

सासरे आले ते नवरदेवासारखे. हात धुतले, लुंगी खोचली, कोहळा स्वतः उचलून पाटावर ठेवला. कोयता हातात घेतला, अंगठ्याने धार बघितली. इथेच घाव घालायचा, तर त्यांनी तोंड उघडलं.

"आनि रविवारी त्याच्यासंगं लोनच्याची एक फोड."

सासूबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून कोयता काढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी नवऱ्याच्या हातातून कधी पाण्याचा पेलाही ओढून घेतलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी कोयता उचलला आणि घातला. पायऱ्यांना न जुमानणारा कोहळा एका घावात दुभंगला.

सासरे हात तसाच पुढे धरून उभे होते.

"कोयत्यानं बाधतं ते मी नुसतं ऐकलंय," सासूबाई म्हणाल्या. "मिठानं बाधतं ते मी बघितलंय. त्या बाकावर बसून बघितलंय."

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि विळी पुढे ओढून साल काढायला लागल्या. मी किसणी घेतली. थोड्या वेळाने सासरेही आमच्याजवळ पाटावर टेकले आणि त्यांनी एका फोडीतल्या बिया काढायला घेतल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी हे काम केलेलं नव्हतं. निम्मा गरही बियांबरोबर गेला, पण कोणी त्यांना बोललं नाही.

कीस पिळून डाळीत कालवला तेव्हा मी मिठाचं विचारलं.

"न्हाय घालायचं."

"बाबांचे वेगळे घालू या ना."

"आख्ख्या घराला आळनी," सासूबाई म्हणाल्या. "येकानं चोरून बघायचं नि बाकीच्यांनी मिटक्या मारायच्या, असं नको."

माझा यात काय गुन्हा होता ते मला कळलं नाही. मी मिरचीचं वाटण दुप्पट घातलं आणि चार लिंबं पिळली. उन्हं कलली होती, तरी आम्ही गच्चीवर प्लास्टिक पसरून सांडगे घातले. ढग नुसतेच येऊन गेले.

संध्याकाळी सासूबाईंचं लक्ष कशातच नव्हतं. दर थोड्या वेळाने त्या ओटीवर येऊन नवऱ्याकडे बघून जात होत्या. पाणी पायजे का, विचारून गेल्या. गोळी घेतली का, दोनदा विचारलं. डास आहे म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितलं, आणि डास कुठेच नव्हता. सासरे झोपाळ्यावर बसून हे सगळं बघत होते. त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी होणार.

सासूबाई तुळशीशी दिवा लावायला अंगणात उतरल्या. सासरे त्यांच्यामागून पायऱ्या उतरले, मध्येच थांबले, छातीवर हात ठेवला आणि "आई गं" म्हणून वाकले.

सासूबाईंच्या हातातली समई खाली पडली. तेल सांडलं, वात विझली. त्यांचा चेहरा मला दिसत होता. मला सासऱ्यांचा इतका राग आला की काही वेडंवाकडं तोंडून जाईल म्हणून मी ओठ दाबून धरले.

सासऱ्यांनी वाकल्या वाकल्या वर बघितलं. बायकोकडे नजर गेली आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. ते ताठ उभे राहिले.

"अगो, काय न्हाय. मस्करी केली. बघ, चांगला हाय."

सासूबाई हलल्या नाहीत.

मग सासरे चालायला लागले. तुळशीपर्यंत गेले, परत आले. फाटकापर्यंत गेले, परत आले. दोन्ही हात वर करून दाखवले, खाली वाकून समई उचलून दाखवली, पुन्हा फाटकापर्यंत गेले. "बघ, दम पन लागला न्हाय," असं प्रत्येक फेरीला म्हणत होते, आणि दर फेरीला आवाज आणखी बारीक होत होता. रस्त्याने जाणारी एक शेजारीण थांबून बघायला लागली, तिच्याकडेही त्यांनी लक्ष दिलं नाही.

बऱ्याच फेऱ्यांनंतर ते सासूबाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

"उद्याच्या कोहळ्याला मी कोयता लावतो," ते म्हणाले. "सांडगा न्हाय, फोड न्हाय. काय मागत न्हाय."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या हातातली समई घेतली.

"कोयता मी लावीन," त्या म्हणाल्या. "तुमी नुसते समोर बसा."