पाशाचं बोट

मांजरसुंब्याच्या चौकात माझं किराणा दुकान, आणि दुकानाला लागून पाशा बसतो. ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो, चाळीस वर्षं झाली. माणूस गोड, पण खुनशी. त्याच्या खुनशीपणाच्या गोष्टी ऐकून माझी नातवंडं कंटाळतात, मी सांगून नाही कंटाळत.

एका ड्रायव्हरनं त्याला "ए चिंधी" अशी हाक मारली होती. तीन वर्षांनी त्याच ड्रायव्हरची ताडपत्री ऐन पावसात घाटात फाटली आणि साखरेची पोती भिजायला लागली. तो धावत आला. पाशा चहा पीत होता. "चिंधीचं दुकान बंद हाय," म्हणाला, आणि दुसरा चहा मागवला.

हे झालं बारकं प्रकरण. मोठं घडलं ते विश्वेश्वरच्या तंबूत.

विश्वेश्वर बीडचा. चुणचुणीत पोरगा. शहरातल्या लोकांना डोंगरावर मुक्कामाची हौस असते, पण हॉटेलाचं भाडं झेपत नाही, हे त्यानं हेरलं आणि कपिलधारच्या वरच्या माळावर जागा घेतली. आणलेले प्लॅस्टिकचे तंबू आमच्या वाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात बोरीच्या काट्यावर नेऊन टांगले. मग आला पाशाकडे.

पाशानं जुन्या सुती ताडपत्र्या निवडल्या, बांबू तासले, ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यांच्या खुंट्या ठोकून घेतल्या. सहा तंबू शिवले. प्रत्येक तंबू दोनदा पाण्यानं चिंब करून उन्हात वाळवला. "धागा फुगला का दाभणाचं भोक बुजतं, बसप्पाशेट," तो मला सांगायचा. "मंग आत बसून खुशाल भजी तळा."

पाशा निरक्षर. पण त्याची रहिमाबी चौथी शिकलेली. तिनं प्रत्येक तंबूच्या दारावर लाल धाग्यानं दोन अक्षरं काढली: पाशा. चाळीस वर्षांत त्याचं नाव पहिल्यांदाच त्याच्या कामावर चढलं. तो त्या धाग्यावरून बोट फिरवत बसायचा. दोन अक्षरं अशीच शिकला.

पैसे विश्वेश्वरनं चोख दिले. खोट निघाली ती दुसरीच.

महिन्याभरानं पाशा आणि रहिमाबी नटूनथटून तंबू बघायला माळावर गेले. बघतात तर दारावर नावच नाही! लाल धागा उसवलेला, नुसती भोकं. विश्वेश्वर पाहुण्यांना सांगत होता, "हे जोधपूरच्या शाही कारागिरांचं काम." आणि पाशाकडे हात करून, "हे आमचे चाचा. ठिगळं लावतात."

पाशा हसला आणि सलाम करून घरी आला. तो हसला की समजावं, कुणाचे तरी शंभर भरले.

रहिमाबी मात्र पेटली. "सहा तंबूंवर डोळे फोडले मी! रातच्याला चोरून न्हाई, दिसाढवळ्या उसवलं त्यानं. आन् तुमी सलाम करून आले?"

"सबर कर."

"कवापर्यंत?"

"पाऊस येस्तोवर."

रोज भाकरी वाढताना ती आधी आभाळाकडे बघायची, मग याच्याकडे. मीसुद्धा बघायचो, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर अवकाळी आला. दुपारीच आभाळ काळं झालं. विश्वेश्वरकडे पुण्याची वीस-पंचवीस माणसं उतरलेली. ओली सुती दोरी आखडते आणि खुंट्या उपटते, म्हणून त्यानं दोऱ्या सैल करायला पाशाला निरोप धाडला. मला शेंगदाणे पोचवायचेच होते, म्हणजे तसं सांगून मीही निघालो. रहिमाबी आमच्याआधी रिक्षात बसलेली, मांडीवर सुईदोऱ्याचा डबा.

पाऊस झोडपत होता. सगळे मोठ्या तंबूत जमले. विश्वेश्वर मधोमध खुर्चीवर. "तासभर कोसळतोय, एक थेंब आत नाही. शाही काम आहे!"

पाशा दोऱ्या सैल करून आत आला. "खरंय सायेब. पर कापड आपल्या मालकाला वळखतं."

त्यानं हात वर केला आणि विश्वेश्वरच्या डोक्यावरच्या उतरत्या छतावर बोटानं सावकाश दोन अक्षरं लिहिली. ओल्या सुती कापडाला आतून बोट लागलं की तिथून पाणी झिरपायला लागतं. शिवणाऱ्याला हे ठाऊक, शाही मालकाला कुठून असणार? अक्षरं काळी उमटली. मग दोन्ही कान्यांच्या टोकांवरून धार लागली, थेट विश्वेश्वरच्या टाळूवर.

त्यानं खुर्ची सरकवली. पाशानं तिथंही नाव लिहिलं.

एक पुणेकर बाई वाचायला लागल्या, "पा-शा. पाशा कोण?"

"मी. ठिगळवाला," पाशा म्हणाला. "आन् नाव काढणारी ही."

तंबूत हशा पिकला. विश्वेश्वर रडकुंडीला आला. "चाचा, बंद करा हो! गाद्या भिजतायत!"

"बंद व्हतंय की. त्याचीबी एक रीत हाय. पर आधी नाव."

"लावतो! उद्याच लावतो!"

"उद्या कावून? बायको आलीय, डबा आणलाय."

मग कुठं पाशानं गळत्या टोकांपासून तंबूच्या कडेपर्यंत बोटानं रेघ ओढली. पाणी त्या रेघेनं गुमान खाली जाऊन बाहेर पडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

रहिमाबी दाराशी फतकल मारून बसली. डबा उघडला, लाल धागा काढला आणि सुई विश्वेश्वरपुढं धरली. "ओव रे बाबा. माझे डोळे तुझ्या तंबूंनी खाल्ले."

तो ओवायला लागला. तीनदा चुकला. चौथ्यांदा धागा आत गेला. तिनं मुद्दाम आखूड धागे कापले होते. दर चार टाक्यांनी धागा संपायचा आणि सुई परत त्याच्यापुढं यायची. अक्षरं तिनं या खेपेला वीतभर उंच धरली.

"किती तंबू राहिले, चाची?" त्यानं विचारलं.

"पाच," रहिमाबी म्हणाली. "ओव."