बंद दाराआडचा चहा

आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गावचं घर सोडून ते इंदापुरात मुसलमानांच्या गल्लीत एकटेच भाड्यानं राहतात. मी त्यांचा पेपरवाला.

"आबा, तुमी हितंच का आलात?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"दारू न्हाय, भांडण न्हाय. आन् दार लावलेलं दिसलं तर माणसं इचारत्यात."

रमजानच्या पहिल्या सकाळी गेलो, तर शेजारच्या चाची आबांचं दार बडवत होत्या. गल्ली गोळा झालेली. आबा कप घेऊनच बाहेर आले.

"बरं न्हाय का आबा?"

"बरं हाय की. तुमचा रोजा, म्हणून आत चहा पीत हुतो."

"उघड्या दारात प्या. आमाला घोर लागतो."

दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं होतं आणि आबा भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते.