कंबर हा जिल्हा झाला

आमच्या बिबवेवाडीतल्या फिजिओथेरपिस्ट बाई चष्मा काढला की टेबलावरच्या सांगाड्यात ठेवतात. कमरेखालच्या हाडांचा तो सांगाडा, खोलगट, वाडग्यासारखा. "पुस्तकात याला श्रोणी म्हणतात," त्या सांगतात. "पण श्रोणी दुखते म्हणून अजून कोणी आलेलं नाही. सगळ्यांची कंबरच दुखते."

माझ्या आईनंही तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, कंबर हा जिल्हा झाला. गाव सांगा."

आईनं चोरून माझ्याकडे बघितलं. मुलासमोर तिनं ते नाव जन्मात उच्चारलं नसतं. बाई उठल्या, स्वतःच्या जांघेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ही जांघ. मलाही आहे. त्यात लाजायचं काय?"

"तिथंच," आई म्हणाली. "जांघेतच दुखतं."

"मग दुखणं खुब्याचं दिसतंय. आणि तुम्ही इतकी वर्षं बाम चोळताय पाठीला!"

या बाई आपल्या ओळखीच्या आहेत, हे मी चारचौघांत मुद्दाम सांगतो. परवा मावशी फोनवर "कंबर गेली गं" म्हणून कण्हत होती. जावई समोर बसलेले असताना आईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जिल्हा कळला. गाव कुठलं? जांघ का?"