मेढीला नको, मला टेक

माझे फोटो हलायचे आणि त्याचे हलायचे नाहीत. कर्जतमधली माझी सुरुवातीची वर्षं या एकाच गोष्टीवर जळण्यात गेली.

मी मूळचा परभणीकडचा. शाळा सातवीत सुटली. गावातला एक जण इकडे रेल्वेत पॉइंट्समन होता. त्याने मला आणून स्टेशनाजवळच्या एका फोटो स्टुडिओत सोडलं. मालक आमच्याच समाजाचे. सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. पहिल्याच दिवशी मामींनी पानात भाताचा डोंगर केला आणि म्हणाल्या, "भाकर नाय म्हणून तोंड पाडू नको. हितं भातच हाय, बाबा." त्या घरात मी कधी उपाशी झोपलो नाही. आणि आज ना उद्या आपल्याला परत पाठवतील ही धास्तीही तिथे कधी सुटली नाही. भाताबरोबर रोज तीही गिळत होतो.

तो नंतर आला. कडावचा, मामांचा सख्खा भाचा, माझ्याच वयाचा. घरी दूधदुभतं, भातशेती. त्याला कामाची तशी निकड नव्हती. गोठ्यात मन रमत नाही म्हणून आईने त्याला मामाकडे धाडलं. येताना दह्याचं मडकं घेऊन आला, खाटेवर आडवा झाला आणि म्हणाला, "मामा, त्यो कॅमेरा दाव बघू."

स्टुडिओत दोन कॅमेरे होते. दोन्ही पोटाशी धरून वरून आत बघायचे. काचेवर समोरचं माणूस उलटं दिसायचं, डावीकडचं उजवीकडे. मला ते सवयीचं व्हायला पूर्ण पावसाळा लागला होता. त्याने दोन-चारदा आत पाहिलं आणि रविवारी पळसदरीच्या धरणावर जाऊन रोल संपवून आला.

तो रोल मीच धुतला. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये पहिला कागद सोडला आणि मनात म्हणालो, हलू दे. एक तरी हलू दे. कागदावर हळूहळू एक बैल आला. त्याच्या पापणीचा केस अन् केस वेगळा होता. नाकावरची माशीसुद्धा जागच्या जागी होती. माझ्या फोटोत माणसाला दोन नाकं यायची, आणि याच्या फोटोत माशीला पाय होते.

"कसं काय काढलंस रं?" मी विचारलं.

"काय नाय. नुसतं दाबलं."

हे 'नुसतं दाबलं' मला फार लागलं. त्याने काही लपवलं असतं तर बरं झालं असतं, शोधायला तरी काही राहिलं असतं.

मग मी ठरवलं की त्याचा कॅमेरा चांगला आहे. त्याचा मी घेतला, माझा त्याला दिला. हलणारे फोटो माझ्याबरोबर नव्या कॅमेऱ्यात आले. मग वाटलं पट्टा. पट्टा मानेत ताणून धरला. मग वाटलं पाय. तो पाय फाकून, गावच्या बांधावर उभं राहावं तसा उभा राहायचा. मी तसा उभा राहिलो, तर मामी म्हणाल्या, "पोटात दुखतंय का रं?"

मामा शिकवायचे. "तू बटण दाबत नाहीस, दाराची कडी वाजवतोस," ते म्हणायचे. "बोट अंड्यावर ठेवल्यागत ठेव. कोपर बरगडीला लाव. उजेड कमी असला की कुठंतरी टेक. भिंत, झाड, खांब, काय मिळंल ते." मग रिकाम्या कॅमेऱ्यावर ताकाची वाटी ठेवून मी बटण दाबायचा सराव करायचो. स्वयंपाकघराच्या दारातून मामी ओरडायच्या, "ताक सांडलंस तर तुझ्याच वाटचं!" तेवढ्यात भाचा यायचा, वाटी उचलून ताक पिऊन टाकायचा आणि निघून जायचा.

पुढेपुढे माझ्या लक्षात आलं. त्याचा फोटो बिघडला तर, म्हणजे कुणी डोळे मिटले वगैरे, मामा म्हणायचे, "जाऊ दे रं." माझा बिघडला तरी हेच म्हणायचे, याच आवाजात. पण मला त्यातलं 'जा' तेवढंच ऐकू यायचं. बोट बटणावर गेलं की माझ्यासमोर स्टुडिओत आलेले नवरा-नवरी नसायचे. परभणीची गाडी असायची. त्याच्यासमोर नवरा-नवरीच असायचे. रोल वाया गेला तर तो संध्याकाळी कडावला आईकडे जाऊन जेवणार होता. मला हेवा कॅमेऱ्याचा, पट्ट्याचा वाटत होता असं मी समजत होतो. खरा हेवा त्या संध्याकाळच्या जेवणाचा होता.

लग्नसराई तोंडावर आली तेव्हा मामांनी दोघांना समोर बसवलं. त्यांना बाहेरची कामं झेपेनाशी झाली होती, डोळ्यांना त्रास व्हायचा. "दोघांना पुरंल एवढं काम नाय," ते म्हणाले. "एकाच तिथीला दोन लग्नं आलीत. एक कडावच्या बाजूचं, एक खालापूरच्या. एकेक करा. मग बघू, बाहेरचं कुणाकडं द्यायचं ते." दुसऱ्याचं काय, हे ते बोलले नाहीत. भाचा जांभई देत होता. मी मनात परभणीच्या तिकिटाचे पैसे मोजत होतो.

फ्लॅश एकच होता. तो त्याने घेतला. मागितलासुद्धा नाही, नुसता उचलला.

खालापूरच्या पुढच्या त्या गावात उतरलो तेव्हा ऊन कडक होतं, पण मांडवात शिरलो आणि उजेड संपला. वर आंब्याचे टाहाळे असे दाट टाकले होते की आत विहिरीसारखी सावली. फ्लॅश नाही म्हणजे शटर सावकाश ठेवायचं, आणि सावकाश शटर म्हणजे माझ्या हाताचं मरण. पहिले दोन-तीन फोटो काढतानाच कळलं की हलले. मामांचं सांगणं आठवलं: टेक. बोहल्यासमोर नेमक्या जागी एक खांब होता. त्याला वर पानांची फांदी, हळदीकुंकू, काय काय बांधलेलं. मी म्हटलं, सजवलाय छान. पाठ लावली, सगळं अंग त्याच्यावर सोडलं आणि काचेत बघायला लागलो.

"अरं ए फोटूवाल्या!" एक म्हातारी किंचाळली. "मेढीला टेकलास? मेढ हालली म्हंजी रं?"

आमच्यात लग्न लागतं ते बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे, पांढऱ्या कपड्यांत. मांडवाला मेढ रोवायची रीत आमच्या लोकांनी माझ्या जन्माच्या सुमारासच सोडली होती. मुहूर्तमेढ हा शब्द ऐकून होतो, पण ती अशी उभी असते आणि तिला असं टेकायचं नसतं, हे मला कुठून कळणार? मी दूर झालो. आता विचारतील कुठला तू, कुणाचा तू. 'कुठला' ते सांगता येत होतं, 'कुणाचा' ते सांगायचं नव्हतं.

"कुठला रं तू?" म्हातारीने विचारलंच.

"परभणीचा," मी म्हणालो. "टेकल्याबिगर फोटो हलतो, आजी. सवय नाही मला."

इतक्यात नवरीचा चुलता पुढे आला. पैलवानी अंग, हातात भाताचा झारा, आचाऱ्यावर देखरेख करता करता आलेला. त्याने मला वर-खाली पाहिलं. "टेकायचंच हाय ना? मग मेढीला नको, मला टेक." आणि झारा कुणाच्या तरी हातात देऊन तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. भिंतच. मी पाठीला पाठ लावली. सगळा मांडव हसायला लागला.

"दादा, हलू नका," मी म्हणालो.

"मी नाय हालत. तूच थरथरतोयस."

"श्वास धरा जरा."

"किती येळ धरू? पुतनीच्या लग्नात मारतूस का मला?"

पुन्हा हशा. त्याची पाठ घामाने ओली होती, तिला लाकडाच्या धुराचा वास होता. त्याचा श्वास माझ्या पाठीला कळत होता. वर जायचा, खाली यायचा, आणि खाली आल्यावर एक क्षण सगळं स्वस्थ व्हायचं. त्या क्षणी माझाही श्वास खाली आलेला असायचा. तेव्हा मी बटण दाबलं. कडी वाजली नाही. पुन्हा तसंच. अक्षता पडल्या, हार पडले, आणि चुलता माझ्या मागे मागे, बोहल्याभोवती, फोटोवाल्याची पाठ होऊन फिरला. मध्येच ओरडायचा, "झालं का रं? तिकडं भात लागंल!" पंगतीत त्याने मला स्वतःच्या शेजारी बसवलं. कुठला, कुणाचा, पुन्हा कुणी विचारलं नाही.

दोन्ही रोल धुतले, फोटो एकत्रच वाळत घातले. मामा दोन ढीग करत, भिंग लावून एकेक फोटो पाहत होते. माझे पहिले दोन-तीन हललेले बघून त्यांनी माझ्या बाजूला ठेवले. मग एक स्वच्छ फोटो आला. नवरीच्या मुंडावळीची मोतीमाळ, हातावरची हळद, सगळं. मामा म्हणाले, "वा!" आणि तो भाच्याच्या ढिगावर ठेवला. पुढचाही तिथेच. त्याच्या पुढचाही.

मी ओले ट्रे पुसत राहिलो. भाच्यानेच मान पुढे करून पाहिलं.

"मामा, ह्ये माझं नायत. माझ्या लग्नात एवढं कुणी हसत नव्हतं."

खरंच. माझ्या फोटोत सगळे हसत होते. नवरी, नवरा, भटजीसुद्धा. ते हसत होते मला आणि चुलत्याला, पण फोटोत ते थोडंच दिसतं? मामांनी कारण विचारलं, मी सांगितलं. मामा डोळ्यांवरून भिंग काढून हसता हसता रडले. मामी आतून म्हणाल्या, "म्हंजी पाठ भाड्यानं घ्यायची का आता?"

थोड्याच दिवसांत त्या चुलत्याच्या सोयऱ्यांकडून निरोप आला: लग्न आहे, तो टेकणारा फोटोवाला धाडा. मामा म्हणाले, "खालापूरकडचं तू बघ. कर्जत-कडाव याला." भाचा म्हणाला, "बरं झालं. तिकडं येष्टीनं कोण हिंदकळत जाईल?" मला परभणीची गाडी धरावी लागली नाही. मी मामांच्या पाया पडलो. मामींच्याही पडलो, आणि त्यांनी हळूच पुरणपोळीचं ताट पुढे सरकवलं.

पुढे कित्येक लग्नं केली. त्या पट्ट्यात मी मांडवात शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "टेकणारा आला रं!" आणि एखादा धिप्पाड माणूस आपणहून पाठ करायचा. फोटो हलणं थांबलं.

एकदा भाच्याबरोबर कर्जतमधल्या एका लग्नाला गेलो होतो. तो मांडवाच्या मधोमध उभा होता. मागे कुणी नाही, बाजूला खांब नाही. पाय फाकलेले, तोंडात सुपारी, एका बाईशी बोलता बोलता त्याने बटण दाबलं. संध्याकाळी तो फोटो मी भिंगाखाली धरला, मनात पुन्हा 'हलू दे' म्हणत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. नव्हता हलला.